पद्मिनीचा लाल दिवा

रविवार, २ नोव्हेंबर

आधी आली ती कौसाबाई. माझ्या घरी कोणी यायचं असलं की माणसं यायच्या आधी ही शेजारीण पोचते. दारात उभी राहून म्हणते, सुंदराबाई, तुझा विक्रांत दिसला नाक्यावर, बायको-पोरगी घेऊन, आणि मागून स्कूटरवर काळ्या हातांचा एक माणूस. काय गं, नळ फुटला का तुझा? म्हटलं, नळ शाबूत आहे, तुझंच तोंड गळतंय तेवढं. हसली आणि आत येऊन बसली. चहा प्यायली तरी उठली नाही.

मग माझी माणसं आली. मुलगा विक्रांत, सून तेजस्वी, नात सई. मागच्या खेपेला आली तेव्हा आंबे होते. बदलापूरला राहतात, काही लांब नाही, आमच्या अंबरनाथच्या पुढचंच स्टेशन. पण त्यांना वेळ कुठे? मनाने इथेच असतात ती.

स्कूटरवाला म्हणजे शिवराम मिस्त्री, शहाडचा. जुन्या गाड्यांचं काम करतो. विक्रांत म्हणाला, आई, बाबांची गाडी एकदा दाखवून घेऊ, नुसती पडून आहे. मला इतका आनंद झाला की चहात मीठ घातलं. कौसाबाई तो पण प्यायली.

गाडी म्हणजे पद्मिनी. दुधी रंगाची. आमचे हे मोरिवलीला एका कंपनीत साहेबांचे ड्रायव्हर होते. कंपनी बंद झाली तेव्हा साहेब म्हणाले, बबन, ही तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, घेऊन जा. तेव्हापासून बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये असते. हे गेले, गाडी राहिली.

शिवरामने चालू केली आणि समोरच्या डॅशबोर्डवर बोट घासून म्हणाला, ही टिकली कोणाची? मोठी, लाल. तेजस्वी म्हणाली, अय्या, ही माझी, आरशावर राहिली होती. मी म्हटलं, गाडीत मीच लावली. तिथे एक लाल दिवा जळायचा आणि सारखा माझ्याकडे बघायचा, म्हणून झाकला. शिवरामने कपाळाला हात लावला. म्हणाला, आजी, तो ऑइल प्रेशरचा दिवा आहे. गाडी बोंबलतेय मी मेले मी मेले, आणि तुम्ही तिला कुंकू लावून बसलात. सगळे हसले. मी पण. ह्या घरात चार माणसं एकदम हसली त्याला किती दिवस झाले.

त्याला आधी वाटलं, दिव्याचं बटणच खराब असेल. ते बदललं आणि सोबत घड्याळासारखा मीटर पण लावला. गाडी थंड होती तोवर काटा वर. तापली तसा काटा खाली खाली, दुपारी डुलकी लागल्यावर माझी मान जाते तसा. म्हणाला, प्रेशर लो. म्हटलं, डॉक्टर म्हणतात माझं हाय, दोघींचं मिळून नॉर्मल धर. मग ऑइलची लोखंडी काडी काढून वास घेतला. ऑइल पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा वास. सगळं काढून टाकलं, नवं ओतलं, फिल्टर बदलला. दिवा विझला.

पुढच्या रविवारी परत बघतो म्हणाला. म्हणजे पुढच्या रविवारी परत सगळे येणार! वडे करायचे ठरवलंय. आणि गाडी बरी झाली की विक्रांत मला बारवी धरणावर नेणार. तसं तो बोलला नाही. पण नाहीतर दुरुस्त कशाला करतोय?

सोमवार, ३ नोव्हेंबर

शिवराम सांगून गेलाय, आठवडाभर गाडीला कोणी हात लावायचा नाही. बरोबर आहे. औषध दिल्यावर आराम पाहिजे. मी हात लावणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

मंगळवार, ४ नोव्हेंबर, सकाळ

लावला. पण ह्याला हात लावणं म्हणत नाहीत. रोज सकाळी चहा घेऊन मी शेडमध्ये जाते. डावीकडे माझ्या जागेवर बसते, ह्यांच्या जागेवर नाही. हात लांब करून चोक ओढते, चावी फिरवते, आणि चहा संपेपर्यंत ऐकते. गाडी एक बोट हलत नाही. जी हलली नाही ती चालवली कशी?

हे होते तेव्हा सकाळ अशीच असायची. हे गाडी चालू करून ठेवायचे आणि मी आत डबा भरायची. बाहेरून आवाज यायचा, टक टक टक टक. म्हणजे अजून आहेत. आवाज बदलला की समजायचं निघाले, आणि मी डबा घेऊन पळायची. कितीदा तरी डबा राहिला आणि गाडी गेली.

थंडीत चोक ओढायचा हे मला दारातून दिसायचं. पुढे काय करायचे ते नाही दिसलं. तेव्हा मी डब्यापाशी असायची.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज नाही लावला.

दुपारी लावला. थंडी होती.

रघुला पेट्रोलचा कॅन भरून आणायला सांगितलं. रघु समोरचा रिक्षावाला. तोंड घट्ट आहे त्याचं, विक्रांतला सांगणार नाही. सांगण्यासारखं काही नाहीच म्हणा.

रविवार, ९ नोव्हेंबर

आले सगळे! वडे केले, बोंबलाची चटणी केली. विक्रांतने एकच वडा खाल्ला, त्याला अॅसिडिटी. उरलेले तेजस्वीने डब्यात भरून घेतले. नको नको म्हणत होती पण मला कळतं, तिला आवडतात.

शिवरामने काडी काढली, हुंगली, तोंड वाकडं केलं. परत पेट्रोल. आठवड्यात नवं ऑइल पातळ झालं. लाल दिवा परत जळतोय. बराच वेळ विचार करून म्हणाला, पेट्रोलच्या पंपातला पडदा फाटला असणार, तिथून पेट्रोल खाली ऑइलात गळतंय. मी म्हटलं, बरोब्बर, मला पण पडद्याचाच संशय होता. पंप उघडला. पडदा चांगला होता. तरी नवा टाकला. म्हणाला, डोळ्याला दिसत नाही असं बारीक भोक असतं कधी कधी. परत नवं ऑइल.

जेवताना विक्रांत बोलला. आई, सोसायटी ती शेड पाडणार आहे, वर्ष संपायच्या आत. गाडी ठेवायला जागा नाही. माझ्याकडे बदलापूरला पार्किंग नाही. ती धड चालू झाली की चांगल्या माणसाला देऊन टाकू. अशी सडण्यापेक्षा बरं.

मी आमटी वाढली. अॅसिडिटी असली की माणूस काहीही बोलतो. हे पण असेच. एकदा रागाने म्हणाले होते, ही गाडी भंगारात घालतो. दुसऱ्या दिवशी तिचे आरसे पुसत होते.

जेवण झाल्यावर विक्रांत दिसेना. जाऊन बघते तर शेडमध्ये ह्यांच्या जागेवर बसला होता. दोन्ही हात स्टेअरिंगवर. गाडी बंद. मी हाक मारली नाही. बडीशेप तशीच मुठीत घेऊन परत आले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

विचार केला. गाडी बरी झाली की विक्रांत ती देऊन टाकणार, असं तो म्हणतो. नाही बरी झाली तर दर रविवारी सगळे येणार. म्हणजे तिने थोडं आजारी राहिलेलं वाईट नाही. फार नाही, माझ्या गुडघ्याइतकं.

पण मी काही तिला आजारी पाडत नाही. मी फक्त चहा पिते.

रविवार, १६ नोव्हेंबर

मटण केलं. शिवराम दोन भाकऱ्या जास्त जेवला. चांगला माणूस आहे, पण आज त्याचं डोकं फिरलं होतं. ऑइलात परत पेट्रोल. म्हणाला, पडदा नवा, कार्बोरेटर बघितला, प्लग बघितले, मग पेट्रोल येतं कुठून? आणि टाकीत मागच्या वेळेपेक्षा कमी कसं? आजी, खरं सांगा, कोणी गाडी चालू करतं का?

म्हटलं, नाही बाबा, कोण करणार, मी एकटी बाई. तो म्हणाला, मग चोक ओढलेला कसा? म्हटलं, कौसाबाईचं मांजर येऊन बसतं आत. तो म्हणाला, मांजराने चोक ओढला? म्हटलं, तुम्ही ते मांजर बघितलेलं नाही.

विक्रांत म्हणाला, शिवराम, आईला गाडी चालू करता येत नाही, ती कधी किल्लीला शिवली पण नाही. मी मान हलवली. आईबद्दल मुलाला खात्री असली की बरं वाटतं.

सई तेवढ्यात गाडीत वाकली आणि सीटखालून माझा चहाचा कप काढला. तळाला साय वाळलेली. माझ्याकडे बघितलं. आत नेऊन धुतला आणि फडताळात ठेवला. गुणी पोर आहे.

शिवरामने इंजिनाला कान लावला. म्हणाला, हा जो टक टक आवाज येतोय तो बेअरिंगचा आहे. पातळ ऑइलवर चालून चालून आतली बेअरिंग झिजली. आता ऑइल बदलून भागणार नाही, खालचा चेंबर उघडावा लागेल.

मी म्हटलं, तो आवाज पहिल्यापासूनच आहे. तो म्हणाला, थोडा असेल आजी, एवढा नसणार.

एवढाच होता. मला नाही तर कोणाला माहीत?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शिवराम आज मधल्या वारी आला, एकटाच. गाडीखाली पोत्यावर झोपून चेंबर खोलला. विक्रांत नाही, सई नाही. मधल्या वारी कसे येणार? तरी मी चार माणसांचा भात टाकला होता.

बाहेर येऊन त्याने तळहातावर बेअरिंग दाखवली. अर्ध्या बांगडीसारखी. वरची चांदी गेली होती, आतलं तांबं दिसत होतं. म्हणाला, थंड इंजिन, ओढलेला चोक आणि रोज नुसतं उभ्या उभ्या चालवणं. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, ऑइलात उतरतं. ऑइल पातळ झालं की प्रेशर जातं, प्रेशर गेलं की ही खाल्ली जाते. पंपाचं काही नव्हतंच. हे सगळं तो पत्र्याकडे बघून बोलत होता. म्हटलं, कोण करत असेल रे असं? तो म्हणाला, मांजर. आणि हात धुवायला गेला.

जाताना बॅटरी घेऊन गेला, चार्ज करायला म्हणे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

चहा घेऊन गेले, बसले. चावी फिरवली नाही, बॅटरीच नाही तर काय फिरवणार? म्हणजे शेवटी मी माझा शब्द पाळला.

कौसाबाईच्या घरात बातम्या लागल्या होत्या. कोणाचा तरी पाण्याचा पंप सुरू होता. बाकी काही आवाज नाही. चहा प्यायला विसरले.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज नवीन पाहुणा! उल्हासनगरचे गोपीशेठ. सिंधी माणूस, गोरापान, हातात तीन अंगठ्या. जुन्या गाड्या ठेवतात आणि लग्नात नवरा-नवरीला बसायला देतात. विक्रांतच्या ओळखीचे. येताना माझ्यासाठी खारी बिस्किटं आणली.

शेठनी गाडीचे फोटो काढायला घेतले. मला वाटलंच होतं, म्हणून जांभळी साडी नेसून ठेवली होती, सईच्या दहावीला घेतलेली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. शेठ म्हणाले, माई, बहुत बढिया, अब थोडा साइड में. मी डाव्या बाजूला झाले. म्हणाले, थोडा और. मी चाकापाशी गेले. म्हणाले, माई, और थोडा. मी शेडच्या बाहेर आले. तिथून ऊन चांगलं पडत असेल चेहऱ्यावर.

सईने मग तिच्या मोबाईलमध्ये माझा गाडीबरोबर फोटो काढला. म्हणाली, आजी, हस. मी हसतच होते. म्हणाली, नाही आजी, तू रडतेयस. डोळ्यांत पत्र्याचा गंज गेला होता.

नंतर विक्रांत माझ्याजवळ बसला. म्हणाला, आई, शेठ चांगले आहेत, गाडीला जपतील. तुला चालेल ना? मी म्हटलं, तू म्हणशील तसं. त्याने बिस्किटांचा पुडा बाजूला ठेवला. म्हणाला, तू नाही म्हणालीस तर नाही देणार. आता नाही कसं म्हणू? शेड पडणार, पोराला पार्किंग नाही. आणि असं विचारतो कोण आजकाल?

पण मला माहिती आहे. गाडी चालू झाली, ती घेऊन तो मला बारवीला गेला, धरण दिसलं, की त्याचं मन बदलणार. लहानपणी तिथे ह्यांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायचा. सगळं बारवीवर आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बेअरिंग बसली. रविवारी चालू करणार. बारवीच्या डब्यासाठी चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ह्यांचा कंपनीचा तीन खणी डबा काढून घासला. अजून झाकण पहिल्यासारखं अडकतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

पहाटेच उठले. डबा भरला. जांभळी साडी. दहाला सगळे आले.

शिवराम गाडीत बसला होता, आम्ही सगळे शेडच्या दारात. मी वाट बघत होते. मीटरचा काटा वर गेलेला दिसला, लाल दिवा दिसला नाही, पण सुरुवात होईना. शेवटी म्हटलं, कर ना रे चालू, किती वेळ?

शिवराम म्हणाला, आजी, चालूच आहे.

मी जवळ गेले. बॉनेटवर हात ठेवला. थरथरत होती. आवाज म्हणजे नुसता मशीनवर कापड शिवल्यासारखा. टक टक नाही. सगळे म्हणाले, काय स्मूथ झालीय. मी पण म्हणाले. शिवराम म्हणाला, प्रेशर एक नंबर, आता दहा वर्षं बघायला नको. चांगलं काम केलं त्याने. चांगलंच झालं.

पण तो ह्यांचा आवाज नाही.

शिवराम उतरताना हळूच माझ्या कानाशी म्हणाला, आजी, चोक ओढला ना, की इंजिन जरा तापल्यावर परत आत ढकलायचा असतो. म्हटलं, मला काय सांगतोस? मांजराला सांग. मग विचारलं, हे पण ढकलायचे? म्हणाला, सगळेच ढकलतात. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. डबा भरत होते.

विक्रांत म्हणाला, आई, बस, चक्कर मारू. मी डावीकडे बसले, मांडीवर डबा. सई आणि तेजस्वी मागे. गल्लीतून निघालो तेव्हा कौसाबाई खिडकीत होती, मी हात केला नाही, नुसती मान हलवली, साहेबांची बायको हलवायची तशी. बदलापूरच्या रस्त्याला लागलो. बारवीला जायचं तर बदलापूरकडेच जायचं. मी विक्रांतकडे बघितलं. बाजूने अगदी ह्यांच्यासारखा दिसतो.

नाक्यावर गोपीशेठ उभे होते.

विक्रांतने गाडी कडेला घेतली. म्हणाला, आई, उतरतेस ना? त्याचा आवाज बसला होता, सर्दी झाली असणार. मी उतरले. शेठनी मला नमस्कार केला, म्हणाले, माई, चिंता मत करो, बेटी है मेरी. त्यांचा ड्रायव्हर आत बसला. गाडी गेली. कळलीच नाही गेलेली, आवाजच नाही ना.

रघुच्या रिक्षातून घरी आलो. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, डबा गाडीतच राहिला. मला हसायला आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डबा वेळेवर गाडीबरोबर गेला, आणि खाणारा माणूस नाही.

विक्रांत म्हणाला, आई, डबा मी आणून देतो, पुढच्या रविवारी. मी म्हटलं, घाई नाही. पण मनात म्हटलं, डबा आणायला यावंच लागेल. आणि रिकामा डबा कोणी परत देत नाही, काहीतरी घालूनच देतात. म्हणजे पुढचा रविवार नक्की.

बुधवार, ३ डिसेंबर

चहा घेऊन शेडमध्ये गेले. खाली ऑइलचा काळा डाग आहे, तिथे पाय पडू दिला नाही. उभ्याने चहा प्यायले. बसायला काही नाही.

रविवार, ७ डिसेंबर, दुपार

वडे केले. शेंगदाण्याची चटणी केली. अजून आले नाहीत. काल सहा डिसेंबर, दादरला जाऊन आले असतील, रांगेत पाय दुखले असतील. येतील.

रविवार, संध्याकाळ

वडे कौसाबाईला दिले. म्हणाली, काय गं, पाहुणे? म्हटलं, येणार होते, मीच सांगितलं आज नको, मला काम आहे. तिने वडे घेतले. बसून राहिली माझ्याजवळ. चहा पण मागितला नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

माणसं आली आज. मला वाटलं, दार वाजलं म्हणजे विक्रांत. शेडचे पत्रे काढायला आले होते. मी त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी विक्रांतचा फोन. शेठनी डबा पाठवला त्याच्याकडे. आत बर्फी होती म्हणे. सईने खाल्ली, चांगली होती. डबा घेऊन येत्या रविवारी नक्की येतो म्हणाला. जेवायला थांबणार नाहीत, पुढे कोणाचा तरी साखरपुडा आहे. चहा घेऊन जातील.

रविवार, १४ डिसेंबर

चार कप काढून ठेवलेत, चहाचं पाणी चढवलंय.